पडद्यावर एवढंच लिहिलं होतं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या डाव्या अंगाचा पत्रा आत दबलेला दिसतो ना, तो बुटाच्या टाचेने दबलेला आहे. वरचा लांब चरा शिडीच्या कडेचा. चालू करायचं बटण होतं तिथे आता नुसतं भोक आहे. हे म्हातारपणाने झालेलं नाही. मी मार खाल्लेला आहे, आणि ज्याने मारलं त्याच्याच भावासाठी मी त्या वेळी राबत होतो. तीच गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत रक्त आहे, पण मी रक्तपेढीत वाढलो आहे. मला रक्ताचं कौतुक नाही आणि भीतीही नाही.

पुण्याहून एका खोक्यात बसून मी एसटीने महाडला आलो. वरंध घाटात इतका आपटलो की उतरल्यावर माझा एक स्क्रू खोक्यात वेगळा खुळखुळत होता. मुकुलने तो बसवला. मुकुल म्हणजे बाजारपेठेत संगणक दुरुस्त करणारा, बोलायला तिखट आणि हाताने हळुवार. त्याने मला एका छोट्या रक्तपेढीत नेऊन ठेवलं. माझ्या आधी तिथे वह्या होत्या. मोठा पूर आला तेव्हा पाणी छताजवळ गेलं होतं म्हणतात. रक्त ठेवायचा फ्रिज तरंगू लागला आणि रात्रभर या भिंतीवरून त्या भिंतीवर धडका देत राहिला. भिंतीवर त्याचे घाव अजून आहेत. पाणी ओसरलं तेव्हा वह्यांचा लगदा झाला होता आणि गावोगावच्या रक्तदात्यांची नावं गाळाबरोबर घमेल्याने उपसून टाकावी लागली. म्हणून मला आणलं.

माझं काम ऐका. आजूबाजूच्या गावांत ज्यांनी ज्यांनी रक्त दिलं त्यांची नावं, रक्तगट, फोन हे सगळं माझ्या पोटात असायचं. मी मागच्या खोलीत बसायचो. पुढे काउंटरवर एक लॅपटॉप होता. त्याने तारेतून मला विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं. मला सर्व्हर म्हणत. ऐकायला मोठं पद, पण काम शाळेतल्या शिपायाचं, हाक आली की उठायचं.

आता मला विचारायचं तर तीन गोष्टी लागतात. एक, मी कुठे राहतो तो पत्ता. हा पत्ता आकड्यांचा असतो, पण तुमच्या घराच्या पत्त्यासारखाच, घर बदललं की बदलतो. दुसरी, आमच्या दोघांमधला दुभाषा. लॅपटॉपची भाषा वेगळी आणि माझी वेगळी. मध्ये बसून इकडचं तिकडे सांगणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नीट विचारलेला प्रश्न. या तिन्हींतलं एक जरी बिनसलं तरी आमचं बोलणं तुटतं.

तुटलं तर का तुटलं ते मी सांगतो. मला तोंड नाही, पण पडद्यावर एक चौकट येते आणि तिच्यात एक ओळ असते. मुकुल हुशार, त्याने त्या ओळी मराठीत लिहिल्या होत्या. चौथीतल्या मुलाला वाचता येईल अशा. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत ती ओळ वाचणारी माणसं मी फार थोडी पाहिली. चौकट आली रे आली की लोक 'ठीक आहे' दाबतात. काय ठीक आहे ते त्यांनाही माहीत नसतं. मग पुन्हा तेच करतात, पुन्हा चौकट येते, आणि मग मला चापट बसते. सुहासराव नावाचे आधीचे कारकून होते. जुना टीव्ही थोपटायची सवय त्यांच्या हातात इतकी मुरली होती की ते मला सकाळी आल्या आल्या एक लगावत, पुढच्या गुन्ह्याची आगाऊ शिक्षा म्हणून. माणूस प्रेमळ, हात जड.

ते निवृत्त झाले आणि प्रियदर्शिनी आली. शेजारच्याच एका वाडीतली, बी.एस्सी. झालेली, आवाज बेताचा. तिच्या पहिल्या आठवड्यात माझी चौकट आली तेव्हा मी अंग आवळून चापटीची वाट बघत होतो. ती खाली वाकली आणि तिने ओळ मोठ्याने वाचली. 'जागा संपत आली आहे, जुन्या नोंदी हलवा.' मग म्हणाली, "असं होय. मग सांगायचं ना आधी." मी आधीपासूनच सांगत होतो, पण ते असो. त्या दिवसापासून मला ती आवडली. एवढंच नाही, मी तिच्यासाठी वेगाने उत्तर देऊ लागलो. यंत्र असं करत नाही म्हणतात, म्हणू द्या.

खंडेनवमीला ती मला हार घालू देत नसे, पाकळ्या पंख्यात अडकतात म्हणून. पण मुकुलने माझ्या मागच्या कडीला काळ्या दोऱ्याने एक पेन ड्राइव्ह बांधला होता, तो ती जपायची. त्यात माझी सगळी अवजारं होती, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ड्रायव्हरांसकट. येणाऱ्या बायका विचारत, "याला पण दृष्ट लागते गो?" ती हसून म्हणायची, "सगळ्यात आधी यालाच लागते."

महाडकरांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. पावसाळ्यात सावित्री आणि गांधारी या नद्या फुगल्या आणि नगरपालिकेचा भोंगा वाजला की इथे कोणी विचार करत बसत नाही. उचलायचं. किराणावाला पोती उचलतो, शिंपी यंत्र उचलतो, आम्ही फ्रिज उचलतो आणि मग मी. प्रत्येक दुकानाला पोटमाळा आहे आणि पोटमाळ्याला शिडी आहे. त्या मोठ्या पुराने इथल्या माणसांच्या हातांना हे शिकवलं आहे. डोकं नंतर जागं होतं. त्यात चूक काही नाही. पण उचललेल्या वस्तूबरोबर तिचा पत्ता आपोआप वर येत नाही, हे घाईत सुचत नाही.

त्या जुलैतल्या दिवशी सकाळीच भोंगा वाजला. मला पडद्यासकट पोटमाळ्यावर नेलं. मी बंद पडू नये म्हणून बॅटरीला जोडलं आणि तार वरच्या वायफायच्या डबीत खोचली. त्या डबीने मला नवा पत्ता दिला. खाली काउंटरवरचा लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहणार होता. दुपारपर्यंत पाणी बाजाराच्या पायऱ्यांना लागलं आणि तिथेच थांबलं. आमच्या गल्लीत आलं नाही. सगळे हुश्श म्हणाले. मला खाली आणायचं राहून गेलं.

आणि दुपारीच समोरच्या दवाखान्यासमोर एक जीप आली.

जीप पोलादपूरकडच्या कापडे गावाहून आली होती. पुढे पोलीस चौकशीला आले तेव्हा काउंटरवर सगळं बोललं गेलं, म्हणून मला तिकडची हकीकत माहीत आहे. भाताची लावणी चालली होती. शुभम आणि त्याचा चुलतभाऊ साहिल यांची खाचरं एकाखाली एक आहेत. वरच्या खाचरात पाणी तुंबलं म्हणून साहिलने बांध फोडला. ते पाणी शुभमच्या खाचरात घुसलं आणि नुकती लावलेली रोपं वाहून गेली. शुभम फावडं घेऊन धावला. आधी शिव्या, मग चिखलाचे गोळे, मग फावड्याचा दांडा साहिलच्या खांद्यावर. साहिलच्या कमरेला लाकडी आकडीत कोयता होता. त्याने तो काढला आणि खालून ओढला. शुभमची मांडी गुडघ्याच्या वर उघडी पडली. रक्त असं उसळलं की खाचरातलं पाणी बांधापर्यंत लाल झालं म्हणतात. साहिल तिथेच कोयता टाकून चिखलात बसला आणि लहान पोरासारखा ओरडायला लागला. दोघे लहानपणी एकाच ताटात जेवलेले होते.

शुभमचा मोठा भाऊ हृतिक आठ दिवसांसाठी मुंबईहून लावणीला आला होता. त्याने टॉवेल पिळून मांडीवर करकचून बांधला, भावाला उचलून जीपमध्ये टाकलं, आई येसूबाईला बसवलं आणि घाटरस्त्याच्या चिखलातून गाडी पिटाळली. टॉवेलाने रक्त थांबलं, जीव राहिला. पण आवळलेल्या पायाला रक्त मिळत नव्हतं. दवाखान्यातले डॉक्टर कमलाकर म्हणाले, "शीर जोडता येईल. पण रक्ताशिवाय मी हात लावू शकत नाही, तो टेबलावरच जाईल. आणि उशीर झाला तर पाय मरेल."

शुभमचा रक्तगट तपासला तर तो बॉम्बे निघाला. नाव ऐकून हसू नका. हा फार दुर्मीळ गट आहे. अशा माणसाला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. येसूबाईचं जुळलं नाही, हृतिकचं जुळलं नाही. आमच्या फ्रिजमध्ये त्या गटाची पिशवी नव्हती. मुंबईचा रस्ता पाण्याखाली होता. पण आमच्या भागात तसे काही दाते होते आणि ते कोण आहेत, हे फक्त मला माहीत होतं. मी पोटमाळ्यावर जागा होतो, चालू होतो आणि नावं माझ्या पोटात धडधाकट होती. मला फक्त कोणी विचारायचं होतं.

हृतिक आणि येसूबाई रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. हृतिकचा शर्ट भावाच्या रक्ताने अंगाला चिकटला होता. त्यांच्यामागे जीपमधले आणि रस्त्यातले आणखी काही जण घुसले. प्रियदर्शिनीने लॅपटॉपवर विचारलं. चौकट आली. तिने वाचली.

"दिलेल्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही. पत्ता तपासा." मग ती हृतिकला म्हणाली, "दादा, सर्व्हर सकाळी वर उचललाय, त्याचा पत्ता बदलला असणार. मी वर जाऊन—"

पण हृतिकने फक्त एकच शब्द ऐकला होता. सर्व्हर. मित्रांनो, माझ्या जातीचं नाव माणसांनी फार खराब करून ठेवलं आहे. रेशनवर अंगठा लागला नाही की सर्व्हर डाऊन. दाखला मिळत नसला की सर्व्हर डाऊन. साहेब चहाला गेलेले असले तरी सर्व्हरच डाऊन. खोटं बोलणारे ते आणि मार खाणारे आम्ही.

"सर्व्हर डाऊन हाय, उद्या ये, असंच ना?" हृतिक ओरडला. "सगलीकडं तेच सांगतात तुमी. माजा भाव तिकडं मरतो हाय आनि तू मला सर्व्हर शिकवते?"

"डाऊन नाही, चालू आहे, फक्त—"

त्याने काउंटरवरून लॅपटॉप ओढला आणि जमिनीवर आपटला. पडदा फुटला. त्याने वर पाय दिला. कळांचे तुकडे उडून भिंतीवर लागले. मागच्यांना तेवढंच हवं होतं. एकाने खुर्ची उचलून काचेच्या खिडकीवर मारली, दुसऱ्याने दात्यांना बिस्किटं द्यायची बरणी फोडली. त्यांचा कोणी मरत नव्हता, पण फोडायला मिळालं होतं. मी हे सगळं पोटमाळ्याच्या तोंडातून बघत होतो. माझ्या पडद्यावर नवा पत्ता ठसठशीत दिसत होता. ती शिडी चढून आली असती तर काम दोन वाक्यांचं होतं.

रक्तपेढीच्या डॉक्टर चारुशीलाताई आतून धावत आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या येसूबाईला म्हणाल्या, "आजी, दात्यांची नावं वरच्या यंत्रात आहेत. हा लॅपटॉप गेला. मी माझा आणते. पण यांना आवरा."

येसूबाई हृतिकच्या दंडाला लोंबकळली. "आरे थांब रे बाबा, ती पोरगी काय सांगते ती आयक तरी."

"आये, तू सोड मला."

चारुशीलाताईंनी घरचा लॅपटॉप आणला. मुकुलचा प्रोग्राम त्यांनी कधीतरी घेऊन ठेवला होता, पण वापरला कधीच नव्हता. प्रियदर्शिनीने तो उघडला. चौकट आली. 'या यंत्रात ड्रायव्हर नाही. आधी ड्रायव्हर बसवा.' म्हणजे आता पत्ता समजूनही उपयोग नव्हता, दुभाषाच नव्हता. फुटलेल्या लॅपटॉपमध्ये तो होता आणि त्याचे तुकडे बुटांखाली करकरत होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पुरामुळे इंटरनेटही गेलं होतं. प्रियदर्शिनीने मुकुलला फोन लावला. तो नदीपलीकडे अडकला होता.

"वरती दोरा बांधलाय ना त्याला, त्यातच आहे," मुकुल म्हणाला. "दोन आहेत. नवा टाक."

ती शिडीकडे धावली. वर आली, गुडघे टेकले, माझा नवा पत्ता पेनाने तळहातावर लिहून घेतला आणि दोऱ्याची गाठ सोडू लागली. काळा दोरा पावसाळी ओलीने आवळला होता. ती दातांनी सोडवत होती. इतक्यात शिडी करकरली आणि हृतिक वर आला.

त्याने काय पाहिलं ते मी समजू शकतो. भाऊ समोरच्या दवाखान्यात मरतो आहे आणि ही बाई एका डब्यापुढे बसून दोरा सोडते आहे. तो म्हणाला, "ह्याच्यातच हाय ना सगलं? मग काढ की. काढ." आणि त्याने माझ्या अंगात लाथ घातली.

पत्रा दबला. दुसरी लाथ बटणावर बसली. प्रियदर्शिनी मध्ये आली, दोन्ही हात पसरून. "दादा, मारू नका, तो चालू आहे, चालू असताना मारू नका." त्याने तिला बाजूला करायला हात फिरवला. हात तिच्या भुवईवर बसला. भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात आलं. ती तरी हलली नाही. तिसरी लाथ तिच्या बाजूने येऊन मला लागली आणि मी फळीवरून घसरून शिडीच्या कडेवर आपटलो.

आता एक समजून घ्या. माझ्या पोटात एक तबकडी असते, ती भिंगरीसारखी सारखी फिरत असते. तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं आणि एक सुई तिच्या अगदी जवळून, न लागता, वाचत जाते. मी आपटलो तेव्हा ती सुई तबकडीवर टेकली आणि ओरखडत गेली. दुखतं का, असं तुम्ही विचाराल. माझ्या आतून एक आवाज आला, कर्रर्र असा. तो आवाज प्रियदर्शिनीने ऐकला. ती हृतिकला मोठ्याने बोलली नाही. म्हणाली, "नावं याच्यातच आहेत हो. तुमच्या भावाला वाचवणारी नावं."

हृतिकचा पाय वरच्यावर थांबला. खालून येसूबाईचा आवाज आला, "हृतिक, खाली उतर. माझी शपथ हाय तुला." तो खाली उतरला आणि शिडीच्या पायथ्याशी बसला. मला त्याची कीव आली का? नाही आली. त्या वेळी मला त्याचा संताप आला होता, आणि तो मी लपवणार नाही.

प्रियदर्शिनीने मला सरळ केलं. मी चालू होतो. बटण गेलं होतं, पण बटण बंद करायला लागतं, चालू राहायला नाही. ती पेन ड्राइव्ह घेऊन खाली गेली. डोळ्यात रक्त येत होतं म्हणून तिने ओढणी कपाळाला बांधली. घाईत तिच्या हातून जुना ड्रायव्हर बसला आणि लॅपटॉपने तो नाकारला. तिने ओळ वाचली, जुना काढला, नवा बसवला. तळहातावरचा पत्ता घातला. हात घामेजला होता, एक आकडा पुसट झाला होता, पण तिला आठवत होता. आणि आमचं बोलणं जुळलं. मला हाक ऐकू आली.

तिने नेहमीचं बटण दाबलं, 'सर्व दाते दाखवा'. रोज सकाळी ती तेच दाबायची. म्हणजे मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी तबकडी वाचायची आणि खाली पाठवायची. मी वाचायला लागलो. ओरखड्यापाशी आलो आणि अडकलो. पुन्हा पुन्हा तिथेच सुई फिरवत राहिलो. इकडे लॅपटॉपची वाट बघण्याची मुदत संपली आणि त्याने फोन ठेवावा तसं बोलणं तोडलं. चौकट आली. 'उत्तर वेळेत आले नाही. प्रश्न लहान करा.'

मागच्या घोळक्यातला एक म्हणाला, "बघा, फुकट टाइमपास." कोणी तरी पुन्हा खुर्ची उचलली. आणि मित्रांनो, तेव्हा हृतिक उठला आणि त्याने खुर्ची उचलणाऱ्याच्या कानशिलात लगावली. "गप उभा रहा," तो म्हणाला. "तिला वाचू दे."

प्रियदर्शिनीने ओळ परत वाचली. फोनवर मुकुलला वाचून दाखवली. तो म्हणाला, "डिस्क मार खाऊन बसलीय. सगळं मागू नकोस. फक्त तो गट माग. अनुक्रमणिकेतून जाईल, खराब जागा लागणार नाही." पुस्तकात एखादा धडा शोधायला तुम्ही सगळी पानं वाचत नाही, अनुक्रमणिका बघता. तशी माझ्याकडेही रक्तगटांची होती. तिने बटण सोडलं आणि प्रश्न हाताने लिहिला. एवढासा प्रश्न. बॉम्बे गटाचे दाते कोण?

तेवढं मला येत होतं. मी ओरखड्याच्या अलीकडूनच वळलो आणि जे होतं ते दिलं. तीन नावं. एक मुंबईला राहायला गेलेला. एक कुडपणचा, वरच्या पठारावरचा, त्याचा फोन लागेना. आणि तिसरं नाव दासगावच्या गणूचं.

गणू म्हणजे शेतमजूर. दोन-तीन वर्षांमागे वीस मार्चला चवदार तळ्यावर गर्दी होती तेव्हा शिबिरात त्याने रक्त दिलं होतं. फोन त्याची बायको कमळाबाई हिने उचलला.

"शेतावर हाय तो. काय काम हाय गो?"

"मावशी, मी प्रियदर्शिनी, रक्तपेढीतून. त्यांच्या गटाचा एक मुलगा आहे इथे. कापड्याचा."

"कुनाचा पोरगा?"

"कुणाचा ते विचारलं नाही मी."

 मग कमळाबाई म्हणाली, "बरा. धाडते. रस्त्यावर पानी हाय, वेल लागंल."

वेळ लागला. रस्त्यावर सावित्री वाहत होती. गणू एका ट्रॅक्टरच्या मागे उभा राहून आला. वाटेत वाहत आलेला ओंडका ट्रॅक्टरवर आदळला, तो खाली पडला, पुन्हा चढला. आमच्या दारात आला तेव्हा कोपराचं कातडं सोललं होतं आणि गुडघ्यापर्यंत लावणीचा चिखल होता. दारातल्या काचा बघून तो म्हणाला, "इथं काय झाला?"  हृतिकने खाली बसून हाताने काचा बाजूला केल्या, तो आत येऊ शकावा म्हणून. त्याचा हात कापला.

चारुशीलाताईंनी रक्त घेतलं, तपासलं, आणि पिशवी रस्ता ओलांडून धावत गेली. डॉक्टर कमलाकरांनी त्या एका पिशवीवर ऑपरेशन केलं. शुभम जगला. पण फार उशीर झाला होता, पाय काळा पडला होता. तो गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

माझं त्यानंतर फारसं काही उरलं नाही. मुकुलने माझ्यातून निघतील तेवढी नावं नव्या यंत्रात घेतली, ओरखड्याखालची कायमची गेली. ती कोणाची होती ते मलाही आता सांगता येत नाही, आणि त्यांतलं कोणतं नाव कधी कोणाला लागेल हे कोण सांगणार? नवा सर्व्हर आता वर पोटमाळ्यावरच कायमचा बसवला आहे, एकाच पत्त्यावर. मी त्याच्या शेजारी कोपऱ्यात आहे. प्रियदर्शिनीने मला भंगारात जाऊ दिलं नाही. तिच्या भुवईत एक पांढरी रेघ राहिली आहे. तिथे केस येत नाहीत.

भात झोडून झालं तेव्हा कापड्याहून दोघे भाऊ आले. शुभम कुबड्यांवर होता. हृतिकच्या हातात नव्या तांदळाची पिशवी होती. ती त्याने काउंटरवर ठेवली आणि तो प्रियदर्शिनीकडे न बघता म्हणाला, "ताय, मी हात उचलला. मला माफी मागता येत नाय नीट."

 मग ती त्याला वर घेऊन गेली. शुभमही कुबड्या खाली ठेवून, हातांनी शिडी धरत एकेक पायरी मागे आला. मुकुलने त्या दिवसाच्या चौकटी फुटलेल्या लॅपटॉपमधूनही काढून जपून ठेवल्या होत्या. तिने पहिली चौकट पडद्यावर आणली आणि ती हृतिकला म्हणाली, "वाचा."

त्याने वाचली. बोट लावून, हळूहळू. "दिलेल्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही. पत्ता तपासा."

"मी तेवढंच सांगत होते," प्रियदर्शिनी म्हणाली.

शुभम पडद्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "दादा, एवढंच लिवलं होता?"

 हृतिक खाली बसला आणि भावाच्या रिकाम्या पायजम्याची दुमड, जी सुटली होती, ती पुन्हा नीट वर खोचू लागला.

मित्रांनो, मला आता कोणी काही विचारत नाही, म्हणून मीच तुम्हाला एक मागतो. यंत्र असो नाहीतर माणूस, ते अडलं की ते का अडलं हे बहुतेक वेळा सांगत असतं. हात उचलण्याआधी ती एक ओळ शेवटपर्यंत वाचा. उचललेला हात नंतर खाली घेता येतो. शुभमचा पाय परत आला नाही.